आईबद्दल दहा मिनिटं काय बोलू?

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या चैत्रात माझी आई गेली. बाबा सैन्याच्या बॉम्बे सॅपर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आई केंद्रीय विद्यालयात प्राथमिकची शिक्षिका होती. खडकी, पठाणकोट, जोधपूर, पुन्हा खडकी अशा बदल्या झाल्या. दिघीत घर बांधल्यावरही जवानांच्या बायका आपापले कागद घेऊन तिच्याकडे यायच्या. दर भाऊबीजेला ती खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये, मणक्याला इजा झालेल्या जवानांना ओवाळायला जायची. आता वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी छोटी सभा ठेवतोय. दादानं पत्रिकेत लिहिलंय, 'त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, आदर्श सैनिकपत्नी'. मला दहा मिनिटं बोलायचंय, पण लिहायला बसले की मलाही हेच शब्द सुचतात. बाबा म्हणतात, घरातलं बाहेर कशाला सांगायचं? तिच्या नावानं पन्नास हजार रुपये द्यायचेत, ते कुठे द्यावेत? मी बँकेत नोकरी करते. – एक वाचक, दिघी

उत्तर : दादांनी मनापासूनच लिहिलंय, यात शंका नाही. पण ती तीन विशेषणं पुण्यात रोज छापल्या जाणाऱ्या कुठल्याही श्रद्धांजलीत चपखल बसतील आणि तुमच्या आई त्यात कुठेच दिसणार नाहीत. मला त्या दिसल्या तुमच्या एका ओळीत : बायका कागद घेऊन यायच्या. तुमचं भाषण तिथूनच सुरू करा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे कारण आहे.

माझे यजमान ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, हवालदार होते. लग्नानंतर लगेच ते फील्डवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर, गेले आणि मी रेंज हिल्सच्या क्वार्टरमध्ये एकटी. शेजारच्या ब्लॉकमध्ये एक शिक्षिका राहायच्या. पहिल्याच भेटीत, चहाचं आधण ठेवायच्याही आधी त्यांनी विचारलं, "तुझं नाव पार्ट टू ऑर्डरला लागलं का?" मी नुसती बघत राहिले. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की युनिटकडून पार्ट टू ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसला नोंद होते. ती झालीच नाही किंवा नावात चूक राहिली, तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते फॅमिली पेन्शनच्या वेळी. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलायची पद्धत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, नवऱ्यानं युनिटमध्ये सांगितलेलं तिसरंच. मग नवरा गेल्यावर ती बाई 'मीच ती' हे सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते.

शेजारच्या त्या शिक्षिकाबाईंनी माझे सगळे कागद फरशीवर शेजारी शेजारी मांडले. हातात पेन्सिल. प्रत्येक कागदावर माझ्या नावाखाली हलकी रेघ मारली आणि बोट ठेवून म्हणाल्या, "वाच. इथे एक ए, तिथे दोन." मग इनलँड पत्र काढून दिलं आणि समोर बसवून यजमानांना पत्र लिहायला लावलं. पत्त्यात गावाचं नाव नसायचंच. जवानाचा नंबर, रँक, नाव, युनिट आणि द्वारा ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. यजमानांचा नंबर मला पाठ नव्हता, म्हणून त्या रागावल्या. "नवऱ्याचा नंबर पाठ पाहिजे, स्वतःच्या नावासारखा." आज यजमान नाहीत. माझी पेन्शन कुठेही न अडता सुरू झाली, ती त्या पेन्सिलीच्या रेघांमुळे. त्यांना 'त्यागमूर्ती' म्हटलेलं मला चालणार नाही. त्या हुशार होत्या, कडक होत्या आणि त्यांना काम येत होतं.

तुमच्या आईंकडे येणाऱ्यांपैकी दोघी-तिघींना सभेआधी गाठा. "आई कशा होत्या?" असं विचारू नका, "देवमाणूस" एवढंच उत्तर मिळेल. विचारा, तुम्ही कोणता कागद घेऊन आला होतात? आई कुठे बसल्या होत्या? काय म्हणाल्या? रागावल्या का? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तसंच वाचा.

शाळेबद्दलही असंच. १९६३मध्ये वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सेंट्रल स्कूल सुरू झाली, तीच आजची केंद्रीय विद्यालयं. हेतू साधा होता. बापाची बदली झाली तरी पोराचं पुस्तक बदलू नये. पुस्तक तेच राहिलं, पण गाव, दोस्त आणि बाई बदलायच्याच. ऐन सहामाहीच्या तोंडावर वर्गाच्या दारात एक नवं पोर उभं राहतं, हातात दाखला, आणि मागच्या शाळेतल्या मित्राचं नाव घेतलं की डोळे भरतात. तुमच्या आई अशा पोराला कुठे बसवायच्या? शेजारी कोणाला द्यायच्या? त्या स्वतःही अशाच बदल्या होऊन आलेल्या, म्हणजे त्यांना ते दुखणं आतून ठाऊक होतं. तुम्ही त्यांच्याच शाळेत होतात का? असाल, तर वर्गात त्यांना मॅडम म्हणावं लागायचं की नाही, हे जरूर सांगा. ऐकणाऱ्यांना आई आणि शिक्षिका एकाच वेळी भेटतील.

बाबांचं म्हणणं मात्र मला पटतं. त्यांच्या फील्ड पोस्टिंगच्या काळातली दोघांची पत्रं घरात असतील, तर ती बाबांची आहेत. सभेत वाचू नका. त्यांनी आपणहून एखादी ओळ दिली तर गोष्ट वेगळी. पण घर आईंनी एकटीनं कसं चालवलं, सकाळची शाळा, तुमचा ताप, गॅसचा नंबर, सासऱ्यांची मनीऑर्डर, हे सांगायला बाबांची हरकत असेल असं वाटत नाही. एकदा त्यांच्याशेजारी बसून तुमचं टिपण त्यांना वाचून दाखवा. ते जिथे दुरुस्ती सुचवतील, तिथेच खरी माहिती मिळेल.

भाऊबीजेबद्दल थोडक्यात. खडकीचं सेंटर १९७४पासून आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात, व्हीलचेअरवर खेळतात, काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्यांच्याविषयी कळवळ्याची वाक्यं नकोत. आई त्यांच्याशी कशावर गप्पा मारायच्या, क्रिकेटवर की गावाकडच्या पावसावर, ते सांगा. त्यांतल्या कुणाला सभेला बोलवायचं असेल तर आधी सेंटरला विचारा, आणि तुमच्या हॉलला रॅम्प आहे का ते स्वतः जाऊन बघा.

आता पैशांचं. ढाल, करंडक, आईच्या नावाचं बाकडं यांत घालू नका. सेंटरला देता येतील. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो, रीतसर पावती मिळते. मी तुमच्या जागी असते तर अर्धी रक्कम सेंटरला दिली असती आणि अर्धी घरीच ठेवली असती : एक टेबल, एक प्रिंटर, झेरॉक्सचा खर्च. सैन्याची पेन्शन आता 'स्पर्श' पोर्टलवर आलीय. दिघी-धानोरीतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना त्याचा पासवर्ड नातवाकडून मागावा लागतो, आणि हयातीचा दाखला भरायची वेळ आली की त्यांच्या पोटात गोळा येतो. तुम्ही बँकेत आहात, फॉर्मची भाषा तुम्हाला येते. महिन्यातून एक रविवार काढा. दिवस आणि वेळ पत्रिकेत छापा, तुमच्या घराच्या पत्त्यासह. कुणाचं काम पोर्टलवर होणारं नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्या खेपेला तरी तिच्यासोबत जा. एकटी गेली तर ती दारातूनच परत येते.