उन्हातल्या शर्यतीनंतर एका तरुण धावपटूस

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत आठव्या किलोमीटरच्या पुढे तू रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभा दिसलास, आणि शर्यत संपल्यावर तू मला विचारलेस की 62 व्या वर्षी तुमच्यात एवढा दम येतो कुठून. दमलेल्या माणसाला उभ्या उभ्या देण्याजोगे ते उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. दम तुझ्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण तो तू पहिल्या तीन किलोमीटरांतच खर्चून टाकलास.

धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली जेमतेम 20 ते 25 टक्के प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येते आणि बाकीची सारी उष्णता होते. वेग वाढला की ही आतली भट्टी अधिक पेटते. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, आणि नेमके तेच रक्त पायांनाही हवे असते. त्यामुळे उन्हात वेग तोच राखला तरी हृदयाचे ठोके किलोमीटरागणिक चढत जातात. घामाचेही तसेच आहे. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण हनुवटीवरून टपकलेला घाम काहीच नेत नाही, फक्त अंगातले पाणी कमी करतो. म्हणूनच हवेत दमटपणा असला की तापमापकाचा आकडा बेताचा दिसूनही शर्यत जीव काढते. रविवारी सुरुवातीच्या रेषेवर उभे असतानाच माझा सदरा पाठीला चिकटला होता, आणि त्याच क्षणी मी ठरवलेली वेळ मनातून काढून टाकली. तू मात्र पहिल्या किलोमीटरातच तीनदा घड्याळ पाहिलेस.

माझ्या वयात घर्मग्रंथी पूर्वीइतका घाम सोडत नाहीत, त्वचेकडे रक्त कमी पोहोचते आणि तहानेची जाणीवही बोथट होते. तरुण शरीर उसने अवसान आणून बराच वेळ साथ देते आणि मग अचानक हात टेकते. माझे शरीर पहिल्या चुकीलाच हिशेब मागते. त्यामुळे उन्हात मी घड्याळाऐवजी श्वासाकडे पाहून धावते. पहिल्या तीन किलोमीटरांत एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले नाही, तर वेग जास्त आहे असे मी समजते आणि तो लगेच उतरवते, मग शेजारून कोणीही पुढे जावो.

याचा अर्थ वय वाढले की उन्हात मागेच राहावे लागते, असा मात्र काढू नकोस. 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्टच्या उन्हाळ्यात मॅरेथॉन जिंकणारे पोर्तुगालचे कार्लोस लोपेस तेव्हा 37 वर्षांचे होते. त्यांच्याच देशाचा तरुण धावपटू फ्रान्सिस्को लाझारो 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये भर उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण फासले होते आणि घामाची वाटच बंद झाली होती. त्याच्याविषयी वाचले की आजही मला वाईट वाटते.

आता तयारीविषयी. शरीराला उन्हाची सवय होण्यास साधारण 10 ते 14 दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, पुढे घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. त्यासाठी रोज तासभर, अगदी सावकाश, उन्हात धावावे लागते. सराव थांबला की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. तू महिनाभर पहाटेच्या गारव्यात धावलास आणि शर्यतीच्या दिवशीच उन्हाला सामोरा गेलास, हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे झाले.

पाण्याच्या बाबतीत तुझी तहान विश्वासार्ह आहे, तिचे ऐक. मी प्रत्येक टेबलापाशी ठरवून दोन-तीन घोट घेते, कारण माझी तहान उशिरा बोलते. पण भीतीपोटी पाणी ढोसत राहणेही धोक्याचे असते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले, आणि धावताना वजन वाढणे, म्हणजे गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी पिणे, हे त्याचे मोठे कारण होते. सरावाआधी आणि नंतर वजन करत जा. एक किलो उतरले तर सुमारे एक लिटर पाणी गेले, असे धर. डोक्यावर पाणी ओतल्याने बरे वाटते, मात्र आतले तापमान त्याने फारसे उतरत नाही, तेव्हा त्या भरवशावर वेग वाढवू नकोस.

चार वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत माझ्या पुढचा मुलगा अंतिम रेषा पाचशे मीटरवर असताना दुभाजकाकडे कलू लागला. मी नाव विचारले, ते त्याने सांगितले. शर्यत किती किलोमीटरची आहे असे विचारताच तो माझ्यावर चिडला आणि आल्या दिशेने उलटा चालू लागला. त्याचा दंड घामाने निथळत होता. उष्माघातात कातडी कोरडी पडते असे आपण ऐकतो, पण धावताना होणाऱ्या उष्माघातात पुष्कळदा ती ओलीच असते. आतले तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि भान सुटू लागते, ही त्याची खरी खूण. स्वयंसेवकांनी त्याला बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवले आणि रुग्णवाहिका येऊन उभी राहिली तरी अंगातली उष्णता उतरल्यावरच हलवले. आधी गार करायचे आणि मग न्यायचे, हाच क्रम योग्य आहे, आणि त्यात पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. तो मुलगा वाचला. रविवारी तुला पाहिल्यावर मी थांबून तुझे नाव आणि उरलेले अंतर विचारले, ते याचसाठी.

पुढच्या शर्यतीला अजून 26 दिवस आहेत. उद्यापासून ऊन चढल्यावर माझ्याबरोबर ये; पहिले चार दिवस अर्धाच तास धावू. शर्यतीत पहिले तीन किलोमीटर माझ्या मागे राहा. त्यानंतर तू पुढे निघून गेलास, तर मी शेवटच्या रेषेपर्यंत तुझी पाठ पाहत आनंदाने येईन.

तुझी हितचिंतक