भक्षक वाढले तर भक्ष्य संपून का जात नाही? आणि शेतातले उंदीर विषाने मारले तर या साखळीत नेमके काय बिघडते?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण दुसऱ्या भागावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे. भक्ष्य विरळ झाले की एकेक शिकार शोधण्यात भक्षकाची शक्ती अधिक खर्च होते, त्याची पिल्ले जगत नाहीत किंवा तो दुसऱ्या खाद्याकडे वळतो, आणि शेवटचे भक्ष्य संपण्याच्या कितीतरी आधी भक्षकच घटलेला असतो. ही चढ-उतार मागेपुढे होते. भक्ष्य आधी वाढते आणि भक्षक उशिरा. शाळेत शिकवतात तो निश्चल समतोल शेतात मला कधी दिसला नाही.

आमची भाताची खाचरे माणगाव तालुक्यात आहेत. भात पोटरीत आले की उंदीर चूड बुडापासून तिरकी कापतात, पुढे लोंब्या बिळात ओढून नेतात, आणि बांध पोखरला गेल्याने भरलेले खाचर एका रात्रीत कोरडे पडते. माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, यावर दोन उपाय केले. बांधावर एकमेकांना विळखे घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी त्याने काठीने मारल्या. धामण गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, हे त्याचे कारण. सापाला दूध ओढून पिता येत नाही, धामण बिनविषारी आहे, तिला मारणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्याला सगळे जण जोडा समजतात ती बहुधा दोन नरांची झुंज असते, हे सर्व मी त्याच वेळी सांगितले. उत्तर मिळाले की पुस्तके वाचून भात पिकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. हे विष रक्त गोठू देत नाही, परंतु ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि अशी आयती शिकार घुबड सोडत नाही. त्या हंगामात गावाबाहेरच्या पडक्या गोदामात गव्हाणी घुबड मेलेले सापडले. खाली त्याने ओकलेले काळपट गोळे पडलेले होते. त्यातला एक मी काडीने फोडला, तर राखाडी केसांत गुंडाळलेल्या उंदरांच्या कवट्या, पिवळे दात आणि सुईसारख्या बरगड्या निघाल्या. दादाचे म्हणणे एवढेच, की अपशकुनी पक्षी गेला.

पुढच्या वर्षी उंदीर पहिल्यापेक्षा जास्त आले, आणि यात नवल काहीच नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा तिथल्या बाजारांत मुशी आणि पाकट यांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे उंबेर्तो द'अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाला दिसले. गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांनी 1926 मध्ये त्याचा उलगडा मांडला: भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिल्यास सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. मासेमारी थांबल्यावर याच्या उलट झाले होते. आमच्या बांधावर हाच हिशेब लागू पडतो. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले काही महिन्यांत स्वतः विऊ लागतात. धामण सहसा वर्षातून एकदा अंडी घालते, आणि ती फुटायलाच दोनेक महिने जातात. विषाने दोघेही मेले, तर शेत आधी कोण भरणार, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

पूर्वी कापणीनंतर कातकरी मंडळी बांध खणून उंदीर धरीत आणि बिळात साठलेले भातही काढून नेत. त्यात उंदरांखेरीज कोणी मरत नसे. तेही दादाने बांध खराब होतो म्हणून बंद केले.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्या घुबडाची उत्तरीय तपासणी कोणी केलेली नाही, त्यामुळे ते विषानेच मेले हा माझा तर्क आहे. शिवाय भक्षक असले म्हणजे उंदीर आटोक्यात राहतातच, असेही नाही. मिझोराममध्ये साधारण 48 वर्षांनी एका जातीचा बांबू फुलतो, बियांचा खच पडतो आणि उंदरांची झुंड भातावर उतरते, तेव्हा कोणतेही घुबड पुरे पडत नाही. खाद्य मुबलक असेपर्यंत भक्ष्याचीच सरशी असते. म्हणून कापणीनंतर खाचरात सांडलेल्या लोंब्या वेचणे, बांध अरुंद आणि स्वच्छ ठेवणे, आणि घुबडांना बसायला शेतात उंच खांब रोवणे, ही कामे वड्यांच्या आधी करावीत. वड्या टाकाव्याच लागल्या तर बिळात खोलवर टाकून तोंड बुजवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत.

राहिला बांधावरच्या उंबराचा प्रश्न. त्याच्या ढोलीत आता पुन्हा गव्हाणी घुबडांची जोडी आहे, आणि सावलीने पीक कमी येते म्हणून दादाला तो तोडायचा आहे. तो बांध सात-बाऱ्यावर माझ्या हिश्श्यात आहे आणि माझी संमती मिळणार नाही.