अकरावी सोडून अकादमी? साबळेच्या वाटेने निघण्याआधी

पत्र : माझा मुलगा 16 वर्षांचा, अकरावी सायन्सला आहे. तालुक्याच्या मैदानावर 1600 मीटर 4 मिनिटं 45 सेकंदांत काढतो. धावपटू अविनाश साबळे आमच्या शेजारच्या तालुक्याचा, त्यामुळे पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही. शहरातली एक अकादमी राहणं-खाणं धरून वर्षाला दोन लाख मागते. ते म्हणतात, कॉलेज सोडा, बारावी पुढं बाहेरून करता येईल. मेहुणे म्हणतात, एक एकर काढून टाका, पोरगं नाव काढेल. मुलाची आई म्हणते, पोलीस भरतीची तयारी कर. काय करावं? — एक शेतकरी पालक, पाटोदा तालुका

स. न. वि. वि.

जमीन विकू नका. हे आधीच लिहून टाकतो, कारण बैठकीत मेहुण्यांसमोर पत्र उघडलंत तर पहिली ओळ तरी सगळ्यांच्या कानावर पडेल.

आता अविनाशबद्दल. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा कसा घडला, हे तुमच्या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहे: घरची गरिबी, शाळेला रोज सहा किलोमीटर चालत-पळत जाणं, आणि मग एकदम पदक. मधली वर्षं मात्र कोणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथंच आहे. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला तो नोकरीसाठी. 5 महार रेजिमेंटमध्ये त्याने सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं ऊन दोन्ही काढलं. सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धांत तो उतरला 2015 मध्ये, वयाच्या एकविशीत. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं, ते उतरवलं. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळवलं 2017 मध्ये. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने 8:29.80 वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. म्हणजे ज्या शर्यतीने त्याचं नाव झालं, तिच्यात तो उतरला तेविशीच्या आसपास, आणि त्याआधी दर महिन्याला पगार सुरू झालेला होता.

तुमचा मुलगा 16 वर्षांचा आहे. अकादमीवाले घाई करतात ती त्यांच्या फीची. लांब पल्ल्याच्या धावण्यात सोळाव्या वर्षी काही निसटून चाललेलं नसतं.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. ती आधी मॅरेथॉन पळायची. स्टीपलचेसला आली, त्याच 2014 साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेतलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम केला होता. स्टीपलचेसकडे वळली तेव्हा तीही पंचविशीत होती. पुढे ती महसूल खात्यात अधिकारी झाली. ती पदवीधर नसती तर ती खुर्ची मिळाली असती का, हे तुमच्या मेहुण्यांना विचारा.

आता मुलाच्या वेळेबद्दल, आणि इथं थोडं कडू लिहितो. 4:45 म्हणजे 400 मीटरचा प्रत्येक राउंड साधारण 71 सेकंदांत, असे चार राउंड. साबळेची सर्वोत्तम वेळ 8:09.91 आहे, 2024 च्या पॅरिस डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली. हिशेब करा: साडेसात राउंड, प्रत्येक राउंड सरासरी 65 सेकंदांचा, आणि त्यात 91.4 सेंटिमीटर उंचीचे 28 अडथळे नि 7 वेळा पाण्यावरची उडी. हे अडथळे हर्डलसारखे धडकल्यावर पडत नाहीत. जड लाकडी तुळई असते, पाय अडकला की पळणारा पडतो. तुमच्या मुलाला नाउमेद करायला हे लिहीत नाही. पोलीस भरतीच्या ग्राउंडला 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत 1600 मीटर काढलं की पूर्ण 20 गुण मिळतात, म्हणजे त्याच्या आईचं म्हणणं अगदी वास्तवातलं आहे. पण राष्ट्रीय पातळीवर त्याच्याएवढी मुलं 1500 मीटर चार मिनिटांच्या आतबाहेर पळतात. त्याचं 1500 चं टायमिंग आज साडेचारच्या थोडं आत पडेल. हे अंतर दोन-तीन वर्षांत कमी होऊ शकतं. एक एकर विकून ते सहा महिन्यांत मिटत नाही.

साबळेचा धडा घ्यायचाच तर बर्मिंगहॅमच्या पदकाइतकाच त्याआधीच्या वर्षांचा घ्या. 2019 ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंमुळे त्याला दोनदा अडथळा झाला. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली, तेव्हा कुठे अंतिम फेरी मिळाली, आणि तिथं तो तेरावा आला. टोकियो ऑलिंपिकला 8:18.12 चा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. मग 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवोत 8:11.15 आणि साबळे 8:11.20. सोन्यात आणि रुप्यात पाच शतांश सेकंद! 1998 ते 2018 या काळात राष्ट्रकुलमधलं या शर्यतीचं प्रत्येक पदक केनियानेच नेलं होतं, त्या रांगेत हा आपला बीडचा गडी घुसला. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. आणि 2025 च्या जुलैत मोनॅकोला शर्यतीतच गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली. इतक्या मोठ्या खेळाडूचाही मोसम एका उडीत संपतो. अशा वेळी मागे सैन्याची नोकरी असणं आणि घरी बापाने विकलेल्या जमिनीचं ओझं असणं, यातला फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. साबळे भरती झाला त्या पद्धतीने आता जवान घेत नाहीत. अग्निवीर चार वर्षांसाठी असतो आणि त्यातले 25 टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. त्यामुळे ‘सैन्यात गेला की झालं’ हे गणित आता तसंच्या तसं चालत नाही. खेळाडू म्हणून थेट भरतीची वाट सैन्यात आहे, रेल्वेत आहे, पण तिथं राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याची क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. गल्लीबोळातल्या ‘नॅशनल’ स्पर्धांची सर्टिफिकिटं तिथं रद्दीच्या भावाची ठरतात. तुमची अकादमी मुलाला कोणत्या स्पर्धांना नेणार, हे लेखी मागा. जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटना आणि शालेय क्रीडा स्पर्धा सोडून तिसरंच काही नाव आलं, तर पुढं बोलूच नका.

माझं मत असं: बारावी सायन्स कॉलेजात बसूनच होऊ द्या. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन यंदाच्या स्पर्धांच्या तारखा घ्या आणि मुलाला 1500 व 3000 दोन्हीत उतरवा. स्टीपलचेसचं आत्ता नाव नको. आठवड्यातले दोन-तीन दिवस डांबरी रस्ता सोडून शेताच्या बांधाने पळू द्या, नाहीतर नडगीचं दुखणं लागेल. बुटांवर आणि दूध-अंडी-शेंगदाण्यांवर पैसा घाला. दोन लाखांचा दहावा हिस्साही लागणार नाही. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. आणि कोणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ सुचवलं, भरतीच्या पोरांत हा प्रकार चालतो, तर त्या माणसाला दारात उभं करू नका. डोपिंगमध्ये सापडलेल्या पोरावर काही वर्षांची बंदी येऊ शकते, आणि तेवढा काळ कोणत्याच स्पर्धेत उभं राहता येत नाही. जन्मतारीख कमी दाखवून खालच्या गटात खेळवण्याचा सल्लाही मिळेल. त्यालाही तेच उत्तर.

बारावीनंतर पुण्यात किंवा नाशिकमध्ये, जिथं सिंथेटिक ट्रॅक आणि चांगला प्रशिक्षक दोन्ही आहेत, अशा ठिकाणी बी.ए. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेता येईल. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात, आणि पदवी हातात असली की पोलीस उपनिरीक्षकासारख्या पदांच्या एमपीएससी परीक्षांना बसता येतं. प्रशिक्षक निवडताना नावाला भुलू नका. साबळे काही काळ परदेशी प्रशिक्षकाकडे होता, तो सराव मानवला नाही म्हणून तो पुन्हा अमरीश कुमारांकडे परतला होता.

जिल्हा स्पर्धेनंतर 3000 मीटरचं टायमिंग मला कळवा. साडेनऊच्या आत आलं तर पुढचं कॉलेज कोणतं घ्यायचं ते नावानिशी लिहीन.