दुपारी तीन वाजता थांब

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता दोन्ही वाचले. जपानमधल्या नीगाता ते आओमोरी, सप्टेंबरमध्ये, सायकलने रोज 110 ते 120 किलोमीटर. आणि शेवटी, जणू सहज सुचल्यासारखा, खरा प्रश्न: इतक्या लांब जाऊन नुसती भातशेती पाहायची, की सगळे जातात तसे ओनोमिची-इमाबारीच्या पुलांवरून सायकल चालवून परत यायचे? पुलांचा तो रस्ता उत्तम आहे. सुमारे 70 किलोमीटर, जमिनीवर निळी रेघ आखलेली, वाटेतल्या बेटांवर लिंबांच्या आणि संत्र्यांच्या बागा. तिथे रस्ता चुकायला वाव नाही आणि कोणाला काही विचारण्याची गरजही पडत नाही. म्हणूनच तू उत्तरेला जा. हा मुद्दा माझ्या दृष्टीने इथे संपला.

तक्त्याविषयी मात्र मला बरेच बोलायचे आहे. प्रत्येक दिवसापुढे अंतर आहे, चढ आहे, सरासरी वेगही आहे. मुक्कामाला पोहोचण्याची वेळ मात्र वरपासून खालपर्यंत 'सायंकाळी साडेसहा' अशी एकसारखी भरून टाकली आहेस. माझे सांगणे एकच आहे, आणि तू कंटाळलास तरी मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: दुपारी तीन वाजता सायकल थांबव.

सोपी कारणे आधी उरकते. संपूर्ण जपानची घड्याळे एकच वेळ दाखवतात आणि तोहोकू, म्हणजे जपानचा ईशान्य भाग, पूर्वेकडे आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेर तुझ्या वाटेवरच्या साकाताला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. मुराकामी सोडल्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात, रस्ता आणि लोहमार्ग त्यांच्या पायथ्याशी दाटीवाटीने जातात आणि बोगदे लागतात. बोगद्यात मागून मालट्रक आला की त्याचा आवाज सगळीकडून येतो, म्हणून मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेव. शेतांमधल्या रस्त्यांच्या कडेला काँक्रीटचे पाट असतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर झाकण नसते. अंधारात चाक आत गेले की सायकल जाते आणि खांदाही जातो. शिवाय अस्वले. 2023 मध्ये अकिता प्रांतात अस्वलांचे हल्ले पूर्वी कधी झाले नव्हते इतके झाले, आणि पहाट व तिन्हीसांजा या त्यांच्या फिरण्याच्या वेळा. तुझ्या आईला पटवण्यासाठी एवढे पुरेल.

पण हे सगळे भीतीचे मुद्दे झाले, आणि केवळ भीतीपोटी तीनला थांबणारा माणूस आभाळ मोकळे दिसले की साडेतीनला पुन्हा निघतो. माझे कारण वेगळे आहे. तिथला शेतकरी दिवसातून दोनदा हातातले काम खाली ठेवतो, सकाळी दहाला आणि दुपारी तीनला. लहानशा पांढऱ्या मालट्रकची मागची फळी खाली पडते, तिच्यावर थर्मास येतो, लोणचे येते, तांदळाच्या खारट चकत्या येतात. त्या वेळी बांधालगतच्या रस्त्याने सावकाश जाणाऱ्या परक्या माणसाला हाक मारली जाते. मान खाली घालून, वेगाचा आकडा पाहत जाणाऱ्याला कोणी हाक मारत नाही, आणि मारली तरी ती त्याला ऐकू येत नाही. पुण्यात इतकी वर्षे जपानी शिकलास ती काय हॉटेलात खोली मागण्यासाठी? साकाताभोवतीच्या शोनाई मैदानातल्या आजोबांचे निम्मे बोलणे तुला कळणार नाही. कळले नाही तरी बस. बांधावर मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस आणि सायकल अशी लाव की कापणीयंत्राला वाट राहील. भाताच्या गावात वाढलेल्या आईच्या मुलाला हे मी सांगायला नको.

काय बोलायचे, असे तू विचारशील. पाण्याबद्दल बोल, भावाबद्दल बोल, पुढे शेत कोण करणार ते विचार. सुमारे 1970 पासून 2018 पर्यंत तिथल्या सरकारने भाताखालचे क्षेत्र कमी ठेवण्याचे धोरण चालवले आणि जमीन न लावल्याबद्दल किंवा दुसरे पीक घेतल्याबद्दल पैसेही दिले. पिकलेल्या भातापेक्षा न पिकवलेल्या भाताचा हिशेब ज्यांना अधिक ठेवावा लागला, त्या पिढीतली ही माणसे आहेत. मी गेले होते तेव्हा तांदळाला भाव नाही हीच तक्रार सर्वत्र होती. मग 2025 मध्ये शहरातल्या दुकानांत पाच किलोंची पिशवी 4000 येनांच्या वर गेली, म्हणजे वर्षभरात जवळजवळ दुप्पट. आता ते काय म्हणतात हे मला खरोखर ऐकायचे आहे. शेती हेच मुख्य काम असलेल्या तिथल्या लोकांचे सरासरी वय सत्तरीला टेकले आहे, त्यामुळे हे ऐकण्याची संधी फार काळ राहणारी नाही. चिपळूणकडच्या तुझ्या आजोळी कुलूप लावलेली घरे आणि गवत माजलेली खाचरे तू पाहिली आहेस. जपानात दिसेल ते तुला अनोळखी वाटणार नाही, फक्त तिथे रस्ता गुळगुळीत असेल.

साकाताला सान्क्यो कोठारे पाहा. 1893 सालची ही लाकडी गोदामे आहेत आणि पश्चिमेच्या उन्हापासून व समुद्राच्या वाऱ्यापासून आतला तांदूळ थंड राहावा म्हणून मागे झेल्कोवाच्या झाडांची रांग लावलेली आहे. 2022 पर्यंत तिथे खरोखर तांदूळ साठवला जात असे. आज भात वाळवून साठवण्याचे काम मैदानात उभ्या असलेल्या उंच मनोऱ्यांत होते आणि कापणीच्या दिवसांत ते दुरून ऐकू येतात. मोगामी नदीच्या खिंडीतून उतरणारा पूर्वेचा वारा याच मैदानावर सुटतो. तो बाजूने लागला की तुझ्या तक्त्यातली सरासरी एका तासात कोसळेल. कोसळू दे.

आता किसाकाता, कारण तुझ्या तक्त्यात ते फक्त पाणी भरून घेण्याचे ठिकाण आहे आणि ते वाचून मला राग आला. 1689 साली कवी बाशो तिथे पोहोचला तेव्हा ती खाडी होती, आणि तिच्यात पाइनची झाडे असलेली असंख्य बेटे होती. 1804 च्या भूकंपात जमीन सुमारे अडीच मीटर वर उचलली गेली, पाणी हटले आणि खाडीच्या तळावर भातशेती सुरू झाली. बेटे आजही आहेत, भाताच्या मधोमध टेकड्या होऊन, आणि त्यांची नावे अजून बेटांचीच आहेत. लावणीच्या आधी खाचरांत पाणी भरले की ती पुन्हा बेटे होतात. कापणीच्या वेळी पिवळ्या पिकातून वर आलेली दिसतात, मागे 2236 मीटर उंचीचा चोकाई डोंगर. हे पाहायला वीस मिनिटे पुरतात असे ज्याला वाटते त्याने खुशाल पुलांवर जावे.

मी गेले होते तेव्हा माझी सोबतीण तिथूनच पुढे गेली. अकितातली खोली आधीच ठरली होती, पैसे भरले होते, हातात दिवस होता. तिचे म्हणणे हिशेबाने बरोबरच होते. मी थांबले. पुढचे दोन दिवसही मी त्याच परिसरात काढले, आणि त्यामुळे ओगाता पाहायचे राहून गेले. बिवाखालोखाल जपानातले सर्वांत मोठे सरोवर 1957 पासून आटवायला घेऊन त्याच्या तळावर 1964 मध्ये वसवलेले ते गाव मला फार पाहायचे होते, आणि आता या गुडघ्यांनी ते होणार नाही. त्या मैत्रिणीशी बोलणेही नंतर पूर्वीसारखे राहिले नाही. पुण्यातल्या सायकलवाल्यांमध्ये माझ्या त्या प्रवासाचा उल्लेख अजूनही 'अर्धवट राहिलेला' असा होतो. होऊ दे. त्या दोन दिवसांत एका टेकडीच्या पायथ्याशी मला तीनच्या चहाला दोनदा बसवून घेतले गेले, दुसऱ्या दिवशी तर माझ्यासाठी वेगळा पेला आणलेला होता. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी लिहिते आहे असे तुला वाटत असेल, तर वाटू दे. ते खरेही असेल. तरीही तीन वाजता थांब.

आता व्यवहाराचे. आओमोरी काढून टाक. नीगाता ते अकिता रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला सात दिवस दे. सकाळी सहाला निघ. सायकल पूर्ण झाकणारी पिशवी जवळ असू दे. चाके काढून सायकल तिच्यात घातली की रेल्वेत वेगळे भाडे पडत नाही, आणि उएत्सु मार्ग जवळजवळ सगळीकडे तुझ्या सोबतीने धावतो. गाड्या विरळ आहेत, वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. तीन वाजले आणि मुक्काम दूर राहिला, तर स्टेशन गाठ. त्यात कमीपणा नाही. रस्त्यालगतच्या 'मिची नो एकी' या विश्रांतीस्थळी शेतकरी सकाळी माल ठेवून जातात आणि दुकाने साधारण पाच-सहाला बंद होतात, तेव्हा खरेदी आधी कर. तिथे तंबू ठोकण्याचा विचार सोड, ती जागा विश्रांतीची आहे.

तारखाही बदल. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी असते आणि 22-23 तारखेला विषुवदिनाची. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. 25 नंतर निघालास तर कापणीही मिळेल. घरगुती खानावळवजा मुक्कामांना स्वतः फोन कर. तिथे जेवण सहाला असते आणि त्याआधी आंघोळ आटोपायची असते, म्हणून ते पोहोचण्याची वेळ नक्की विचारतात. सुधारलेला तक्ता या आठवड्यातच पाठव. विमानाचे तिकीट मी तो पाहीपर्यंत काढू नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू