बहिणीच्या रक्तात ॲस्परजिलसचा आयजीई वाढलाय, काढा सुरू करावा का?

तुम्ही विचारलंय की बहिणीला दमा आहे, रिपोर्टात ॲस्परजिलस बुरशीविरुद्धचा आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेला आला, तर फुफ्फुसात बुरशी पसरली का आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काढा द्यावा का.

काढा नको. मी डॉक्टर नाही, गोव्यात फोंड्याकडे जीवशास्त्र शिकवतो. पण एबीपीए म्हणतात तो आजार, म्हणजे श्वासनलिकांत बसलेल्या ॲस्परजिलसची ॲलर्जी, मलाच आहे. तुमच्या बहिणीचंही बहुधा तेच तपासत असतील.

चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, आम्ही माळ्यावरून माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीच्या) पट्ट्या उतरवतो. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट-राखाडी बुरशी धरलेली असते. ॲस्परजिलसचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, म्हणजे थेट वायुकोशापर्यंत जाणारे. घरातले सगळेच ते ओढतात, पण आजारी पडतो मी एकटा.

निजलेल्या बीजाणूवर प्रथिनाचं पातळ आवरण असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याचा पत्ता लागत नाही. ओलाव्यात तो फुगला की आवरण जातं आणि आतलं बीटा-ग्लुकॅन, म्हणजे बुरशीच्या भिंतीतली साखरेची साखळी, उघडं पडतं. निरोगी माणसात मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मिळून त्याचा निकाल लावतात. आमच्यासारख्यांत टीएच-२ नावाच्या टी पेशी पुढे सरसावतात. त्या आयएल नावाची निरोप्या प्रथिनं सोडतात: आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई बनवत सुटतात, आयएल-५ मुळे इओसिनोफिल (ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी) जमतात, आयएल-१३ मुळे कफ वाढतो. त्यात इओसिनोफिल फुटले की त्यांच्या डीएनएचे धागे मिसळून कफ डिंकासारखा होतो. माझ्या तर तपकिरी गाठी पडायच्या. बुरशी राहते ती या कफात, फुफ्फुसाच्या मांसात शिरत नाही. पण तिथे बसून ती पेशींना डिवचत राहते, आणि वर्षानुवर्षांच्या या धुमश्चक्रीत श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

मांसात घुसणारा ॲस्परजिलस वेगळा. केमोथेरपीने न्यूट्रोफिल तळाला गेलेल्या रुग्णांना तो गाठतो. ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ हे बोलणं तिथलं, ते उगाच बहिणीला चिकटवलं जातंय.

म्हणूनच डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, पेशींना आवर घालायला. किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध, बुरशीचा भार उतरवायला. हे दुसरं औषध काही इनहेलरमधल्या स्टेरॉइडचाही अंगातला साठा वाढवतं, तेव्हा कुठला इनहेलर चालू आहे ते डॉक्टरांना सांगाच. एकूण आयजीईचा आकडा पाहून घाबरू नका. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ५०० पासून संशय धरतात. माझा ४,००० च्या वर होता आणि अजूनही नॉर्मल नाही. ८ आठवड्यांत पाचवा हिस्सा उतरला तरी औषध लागू पडलं म्हणतात.

आणि जुने एक्स-रे टाकू नका. मला एका ठिकाणी, थुंकीत जंतू सापडले नसतानाही, डाग पाहून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तीन वर्षांचे एक्स-रे खिडकीला धरून ओळीने पाहिले: डाग दर वेळी वेगळ्याच जागी. आयजीई तपासायला त्यांनी तेव्हा सांगितलं.