छोट्या कॉलेजातलं इकॉनॉमिक्स

तुझा मेसेज वाचला. वर्गात जेमतेम सात-आठ मुली, मग पुण्यालाच जायला हवं होतं का असं विचारलंयस. अजिबात नाही. एवढ्याशा वर्गात सरांना तुझं नाव माहीत असतं, अडलं की स्टाफरूममध्ये जाऊन बसता येतं, शंभर जणांच्या वर्गात हे मिळत नाही, त्याचा पुरेपूर फायदा घे.

खरी अडचण गणिताची आहे. बारावी आर्ट्स म्हणजे दहावीनंतर गणित सुटलं, आणि बीएला नोट्स पाठ करून मार्क पडतात त्यामुळे डिग्री हातात येईपर्यंत ते कुणाला खटकतही नाही. पण गोखले इन्स्टिट्यूट म्हण, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था म्हण नाहीतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिथे पुढे शिकायचं तर डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आलंच पाहिजे. बालभारतीची अकरावी-बारावी सायन्सची गणिताची पुस्तकं घे आणि रोज तासभर बस, नुसतं वाचू नको, हाताने सोडव.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तकात मागणी-पुरवठा चहा-कॉफीच्या उदाहरणाने येतो, तुमच्या घरी तर कांदा आहे! ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. पणन मंडळाच्या साइटवर लासलगावची रोजची आवक आणि भाव मिळतात, ते एक्सेलमध्ये भर, ग्राफ काढ, त्यावर या तीन तारखांना रेघा मार. आता डिसेंबरात भाव पडला तो बंदीमुळे की लाल कांद्याची आवक दरवर्षी त्याच सुमाराला वाढते म्हणून? बाबा म्हणतील बंदीमुळेच, आणि त्यांचा राग खराच आहे, पण तुला दोन्ही कारणं वेगळी करून दाखवता आली पाहिजेत. त्यासाठी आधीच्या वर्षांचे डिसेंबरही काढावे लागतील. इकॉनोमेट्रिक्स म्हणतात ते इथूनच सुरू होतं, एमएपर्यंत थांबायची गरज नाही.

राज्याची आर्थिक पाहणी मराठीतही निघते, शेतीचं प्रकरण आधी वाच, बाकीचं नंतर.

इंग्रजीचं टेन्शन आत्ता घेऊ नको. ग्राफ झाला की पाठव, अर्धवट असला तरी चालेल, मग फोनवर बोलू.