वाचक विचारतात : शत्रूच्या मुलखात मदत पोचायची कशी?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या ज्यू संस्थांकडे पैसा होता, स्वित्झर्लंडमध्ये त्यांची माणसेही होती. तरी रुमानिया, फ्रान्समधल्या ज्यूंना मदत पोचायला इतका उशीर का लागला? शत्रूच्या ताब्यातल्या देशात डॉलर पाठवणे शक्य तरी होते का?

उत्तर : डॉलर पाठवायचेच नव्हते; गोम तीच आहे. शत्रूशी व्यवहार करायला बंदी घालणारा 1917 चा कायदा अमेरिकेत लागू होता. अर्थखात्याच्या परवान्याशिवाय पैसा हलत नसे, आणि दोस्त राष्ट्रांची भीती अगदीच अनाठायी नव्हती : परकीय चलन हाती आले की जर्मनी तटस्थ देशांकडून युद्धाला लागणारा माल घेई.

जागतिक ज्यू काँग्रेसचे जिनिव्हातले प्रतिनिधी गेरहार्ट रीग्नर यांनी 1943 च्या सुरुवातीला मांडलेली योजना नेमकी ही अडचण टाळणारी होती. रुमानियात ज्याच्याकडे रोख लेई (तिथले चलन) पडून आहेत त्याने ते तिथल्या मदत समितीला द्यायचे. त्याबदल्यात त्याच्या नावाने बाहेर, गोठवलेल्या खात्यात रक्कम जमा होणार आणि युद्ध संपल्यावरच ती त्याला मिळणार. सीमा कोणतेच चलन ओलांडत नाही. देणाऱ्याचाही फायदा होता, कारण हातातली नोट आज ना उद्या जप्त व्हायची, नाहीतर मातीमोल व्हायची. यात घासाघीस व्हायची ती दरावर. सरकारी दराने हिशेब केला तर स्थानिक पैसा फारच कमी मिळतो, आणि त्या दराने बँकेतून बदलून घ्यावे तर थेट शत्रूच्या बँकेचीच भर होते. म्हणून खासगी देणारा शोधणे भागच होते.

आता उशिराबद्दल. अर्थखाते जुलै 1943 मध्येच परवान्याला तयार झाले होते. परराष्ट्र खात्याने कागद अडवून धरले, लंडनच्या आर्थिक युद्ध मंत्रालयाने हरकत घेतली. डिसेंबरात ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे खरे दुखणे उघड झाले : इतके ज्यू सुटून आलेच, तर त्यांना ठेवायचे कुठे? त्याच महिन्यात अखेर पहिला परवाना निघाला, अवघ्या 25,000 डॉलरचा. म्हणजे पद्धत तयार होती, सही नव्हती. अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ यांनी 16 जानेवारी 1944 रोजी हे सारे रूझवेल्टपुढे ठेवले आणि 22 तारखेला छळ सोसणाऱ्या ज्यूंच्या व इतरांच्या सुटकेसाठी आणि मदतीसाठी युद्ध-निर्वासित मंडळ हे सरकारी मंडळ स्थापन झाले. पुढचे परवाने झपाट्याने सुटले.

प्रश्न : ग्रीसला दोस्त राष्ट्रांच्या सागरी नाकेबंदीतून धान्य जाऊ दिले होते, मग छळछावण्यांना का नाही?

उत्तर : 1942 पासून स्वीडिश जहाजांतून कॅनडाचा गहू ग्रीसला जाई, महिन्याला सुमारे 15,000 टन. तिथे वाटपावर स्वीडिश आणि स्विस माणसांची देखरेख होती. छावणीत तशी देखरेख अशक्य होती. 1929 चा जिनिव्हा करार युद्धकैद्यांपुरता होता, वंशावरून डांबलेल्या नागरिकांना त्यात स्थान नव्हते. रेड क्रॉसचे प्रतिनिधी आत जाऊ शकत नसत, आणि आत न गेलेल्या माणसाच्या भरवशावर ब्रिटन नाकेबंदी उघडायला तयार नव्हता.

1943 मध्ये रेड क्रॉसने दुसरी वाट काढली : नाव आणि छावणी ठाऊक असलेल्या कैद्याच्या नावे पार्सल, सोबत सहीची पावती. समुद्रापलीकडून माल आणता येत नसल्याने खरेदी रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियात होई. एका पावतीवर कधी चार-पाच सह्या परत येत. ती नवी नावे यादीत चढत आणि पुढच्या वेळी त्यांनाही पार्सल जाई. पण ज्यूंच्या बाबतीत ही वाट बहुतेक बंदच राहिली. जर्मन रेड क्रॉसने एप्रिल 1942 मध्येच कळवले होते की 'अनार्य' कैद्यांची माहिती मिळणार नाही. नावच नाही, तर पार्सल कोणाच्या नावे काढणार?

मंडळाने पुढे तीन किलोंची 3,00,000 पार्सले रेड क्रॉसच्या नावाखाली मिळवली. तोवर जर्मनीतले रेल्वेमार्ग बाँबफेकीने मोडले होते, त्यामुळे ट्रक आणि पेट्रोलही पुरवावे लागले. बरीच पार्सले आत गेली ती युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत.

प्रश्न : मंडळाचा खर्च सरकारने केला का?

उत्तर : फारच थोडा. राष्ट्राध्यक्षांच्या आपत्कालीन निधीतून सुरुवातीला 10 लाख डॉलर मिळाले, तेही मुख्यतः कारभारासाठी. मदतीचा मोठा भाग खासगी देणग्यांवर चालला, आणि त्यात सिंहाचा वाटा जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी या अमेरिकन ज्यू मदत संस्थेचा, म्हणजे दीड कोटी डॉलरहून अधिक.